फर्नेस ऑइलमधलं सल्फर काढणारा कॅटलिस्ट: आधी तेल ठरवा, मग धातू

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात एम.टेक. सुरू आहे आणि फर्नेस ऑइलमधलं, म्हणजे भट्टीत जाळायच्या जड तेलातलं, सल्फर काढणारा कॅटलिस्ट (उत्प्रेरक) बनवायचा प्रकल्प घेतला आहे. शोधनिबंधांमध्ये डायबेन्झोथायोफिनवर, म्हणजे चाचणीसाठी वापरायच्या सल्फरच्या एका रेणूवर, ९९ टक्के सल्फर निघालेलं दिसतं. मग कोबाल्ट-मॉली (मॉली म्हणजे मोलिब्डेनम) घ्यावा की निकेल-मॉली? हायड्रोजनची कटकट टाळून हायड्रोजन पेरॉक्साइडने काम होईल का? आणि काकांची हिंगण्याला रीरोलिंग मिल आहे, तिथल्या फर्नेसच्या आधी या कॅटलिस्टची एखादी छोटी बेड, म्हणजे भरलेला थर, बसवता येईल का?

काकांचं आधी सांगतो, ते लवकर संपतं. बसवता येणार नाही. मिलमध्ये फर्नेस ऑइल बर्नरपर्यंत नेताना ते पातळ व्हावं एवढ्यापुरतंच, साधारण १०० अंशांच्या आसपास, तापवतात. जड तेलातलं सल्फर हायड्रोजनने काढायचं तर ३६० ते ४२० अंश सेल्सिअस आणि १२० ते २०० बार दाब लागतो. शिवाय निघालेलं सल्फर हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर येतं, तो वायू अमाइनने धुवायचा आणि पुढे क्लॉस युनिटमध्ये त्याचं गंधक करायचं. हे सगळं रिफायनरीत शोभतं, हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये नाही. काकांपुढे दोनच रस्ते आहेत. एक, कमी सल्फरचं इंधन घेणं. एलएसएचएसमध्ये (लो सल्फर हेवी स्टॉक, कमी सल्फरचं जड तेल) सल्फर १ टक्क्याच्या आत असतं, पण ते लवकर थिजतं, त्यामुळे टाकी आणि लाइन गरम ठेवावी लागते. दोन, तेल आहे ते ठेवून धूर धुणं, म्हणजे कॉस्टिकचा किंवा चुन्याचा स्क्रबर. हिशोब सोपा आहे. ३.५ टक्के सल्फरच्या एक टन तेलात ३५ किलो सल्फर असतं, ते जळलं की ७० किलो सल्फर डायऑक्साइड. त्यातला थोडा भाग ट्रायऑक्साइड होतो आणि धूर १२० ते १५० अंशांच्या खाली आला की आम्ल होऊन पत्र्यावर बसतो. चिमणीचा खालचा भाग आणि रिक्युपरेटर (धुरातली उष्णता परत घेणारं यंत्र) का सडतात, याचं उत्तर बहुतेक इथेच असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात फर्नेस ऑइल आणि पेटकोक जाळायला बंदी केली होती. तो आदेश आपल्यासाठी नव्हता, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते काकांनी लक्षात घ्यावं.

आता तुमचा प्रकल्प.

शोधनिबंधातले ९९ टक्के खोटे नसतात, पण ते तुमच्या तेलाबद्दल काहीच सांगत नाहीत. तिथे डोडेकेनसारख्या स्वच्छ द्रावकात काहीशे पीपीएम (दहा लाख भागांत काहीशे भाग) डायबेन्झोथायोफिन विरघळवलेलं असतं. नायट्रोजन नाही, अस्फाल्टीन (जड तेलातले मोठे, काळे रेणू) नाही, धातू नाहीत. असा रेणू मोलिब्डेनम सल्फाइडच्या कडेवर सरळ जाऊन बसतो आणि सल्फर सोडून मोकळा होतो. खऱ्या डिझेलमध्येसुद्धा शेवटपर्यंत चिवटपणे उरतो तो ४,६-डायमिथाइल डायबेन्झोथायोफिन. त्यातल्या सल्फरच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल गट असतो, त्यामुळे सल्फर कॅटलिस्टच्या कडेला टेकतच नाही. आधी एका वलयात हायड्रोजन भरून रेणूचा सपाटपणा मोडायचा आणि मग सल्फर काढायचं, असा वळसा घ्यावा लागतो. कोबाल्ट की निकेल, या वादाचं मूळ यात आहे. कोबाल्ट-मॉली सरळ मार्गाने सल्फर तोडण्यात पटाईत आहे, त्याला हायड्रोजन कमी लागतो आणि मध्यम दाबावर तो छान चालतो. निकेल-मॉली आधी वलय भरतो, नायट्रोजनही काढतो, मात्र त्याला दाब हवा. बीएस-६ साठी १ एप्रिल २०२० पासून डिझेल १० पीपीएमवर आणायचं ठरलं तेव्हा या वळशाच्या मार्गाचं महत्त्व एकदम वाढलं.

टक्केवारीने कसा चकवा बसतो ते याच उदाहरणात पाहा. १.५ टक्के सल्फरचं डिझेल ५० पीपीएमवर आणलं तर ९९.६७ टक्के सल्फर निघालं. १० पीपीएमवर आणलं तर ९९.९३ टक्के. कागदावर फरक पाव टक्क्याचा. अभिक्रियेचा क्रम १.५ धरून गणित मांडा, त्याच तापमानाला साधारण २.३ पट कॅटलिस्ट लागतो. म्हणून प्रबंधात टक्के लिहू नका, वेग स्थिरांक, म्हणजे अभिक्रिया किती वेगाने होते तो आकडा, लिहा.

फर्नेस ऑइल ही मात्र वेगळीच जात आहे. रिफायनरीतून सगळी चांगली कापं काढून झाल्यावर जे तळाशी उरतं, ते म्हणजे हे तेल. त्याच्या रेणूंचं सरासरी वजन ५०० धरा. एका सल्फर अणूचं वजन ३२. म्हणजे प्रत्येक रेणूत एक सल्फर असता तर तेलात ६.४ टक्के सल्फर भरलं असतं. ३.२ टक्के सल्फर याचा अर्थ, सरासरीने दर दोन रेणूंमागे एकात सल्फर. ही भेसळ नव्हे जी गाळून काढता येईल. अर्ध्या तेलाच्या रेणूंतच सल्फर गुंफलेलं आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की पेरॉक्साइडचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं. ऑक्सिडेशनच्या पद्धतीत पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल वापरून सल्फरच्या रेणूचं सल्फोन करतात आणि ते सल्फोन द्रावकाने ओढून काढतात. म्हणजे सल्फरबरोबर सगळा रेणू जातो. डिझेलमध्ये शेवटचे शे-दोनशे पीपीएम असे काढले तर थोडं तेल गेल्याने बिघडत नाही. फर्नेस ऑइलला हेच केलं तर निम्मं तेल सल्फोनच्या टाकीत. शिवाय एक टन तेलात ३२ किलो सल्फर असेल तर नुसत्या रासायनिक हिशोबाने ६८ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागतं, म्हणजे ५० टक्क्यांचं द्रावण १३६ किलो. प्रत्यक्षात याहून जास्त, कारण धातू आणि उष्णता पेरॉक्साइड फुकट फोडतात. ‘सौम्य तापमान, हायड्रोजनची गरज नाही’ हे वाक्य सारांशात वाचायला गोड वाटतं, त्यातला कचरा कुठे गेला ते बहुतेक जण लिहीत नाहीत. हायड्रोजनवाल्या पद्धतीची खरी कमाई हीच की ती फक्त सल्फर नेते आणि रेणू तेलातच ठेवते.

आता जड तेलाचं खरं दुखणं: धातू. फर्नेस ऑइलमध्ये व्हॅनेडियम आणि निकेल असतात, पॉर्फिरिनच्या पिंजऱ्यात आणि अस्फाल्टीनच्या मोठ्या गुंत्यात अडकलेले. हायड्रोजन मिळाला की तो पिंजरा फुटतो आणि धातू सल्फाइड होऊन कॅटलिस्टवरच बसतो. कोक (कॅटलिस्टवर साचलेला कार्बन) जाळून काढता येतो, हा धातू तसा निघत नाही. उदाहरणादाखल धरा: तेलात दोन्ही मिळून १०० पीपीएम धातू, एक लिटर कॅटलिस्टवर तासाला ०.३ लिटर तेल, आणि त्यातले ७० टक्के धातू कॅटलिस्टवर अडकले. तासाला २० मिलिग्रॅम होतात. ८००० तासांत १६० ग्रॅम. एक लिटर कॅटलिस्टचं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वर्षभरात कॅटलिस्टच्या चौथ्या हिश्शाहून जास्त वजनाचा नको असलेला धातू त्याच्या अंगावर.

आणि तो सगळीकडे सारखा बसत नाही, छिद्रांच्या तोंडाशी बसतो. बर्डीच्या बाजारातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा लागला की आतली दुकानं उघडी असून काय उपयोग, तशी गत. आतलं मॉली ताजंतवानं असतं, पण तेल तिथे पोचतच नाही. डिझेलच्या कॅटलिस्टची छिद्रं ६ ते १० नॅनोमीटरची असली तरी चालतं, कारण तिथे रेणू लहान असतात आणि पृष्ठभाग जास्त मिळतो. अवशेष तेलासाठी पहिल्या बेडला १५ ते २५ नॅनोमीटर किंवा त्याहून मोठी छिद्रं आणि कमी मॉली लागतं. तिचं काम धातू झेलणं. तिच्यामागे मध्यम छिद्रांची बेड, आणि शेवटी लहान छिद्रांचा, खऱ्या सल्फरमाऱ्याचा कॅटलिस्ट. रिफायनरीतले अवशेष तेलाचे रिॲक्टर असे थर लावूनच भरतात. म्हणून ‘कोबाल्ट की निकेल’ हा तुमच्यासाठी दुय्यम प्रश्न आहे. दाब झेपत असेल तर निकेल-मॉली घ्या आणि विषय संपवा. तुमचा प्रश्न छिद्रांचा आहे. माझ्या मते प्रबंधाचा विषयच तो करावा: धातूंचं प्रमाण तेच ठेवायचं, आधार (ज्या सच्छिद्र पदार्थावर धातू चढवतात तो) तीन वेगवेगळ्या छिद्रांचे घ्यायचे, आणि खरं तेल चालवून बघायचं.

खरं तेल लहान रिॲक्टरमध्ये निव्वळ चालवणं अवघड आहे, लाइन तुंबते. पातळ करायला हरकत नाही, पण हेप्टेन किंवा हेक्सेनने करू नका. अस्फाल्टीनची व्याख्याच ‘हेप्टेनमध्ये न विरघळणारं’ अशी आहे, त्यामुळे काळा गाळ पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये बसेल आणि तुम्ही कॅटलिस्टला दोष देत राहाल. टोल्युइनसारखं ॲरोमॅटिक द्रावक वापरा.

आधार म्हणजे गॅमा अल्युमिना, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सच्छिद्र प्रकार. स्यूडोबोहमाइटची (अल्युमिनाच्या कच्च्या रूपाची) पावडर पातळ नायट्रिक आम्लात मळतात, साच्यातून दाबून शेवयांसारखे बारीक दांडके काढतात, ते वाळवून ५०० ते ५५० अंशांवर भाजतात. आम्ल जास्त पडलं तर दांडके कणखर होतात पण मोठी छिद्रं मिटतात. कमी पडलं तर छिद्रं राहतात आणि दांडके हातात भुगा होतात. छिद्रं मोठी करायची तर पिठात कार्बन ब्लॅक किंवा स्टार्च मिसळून भाजताना ते जाळून टाकायचं, किंवा भाजण्याचं तापमान ६०० ते ७०० अंशांपर्यंत चढवायचं. पृष्ठभाग घटतो, छिद्रं रुंदावतात. नागपुरात या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. अमरावती रोडवर वाडीला जेएनएआरडीडीसी आहे, बॉक्साइट, अल्युमिना आणि ॲल्युमिनियमच्या संशोधनाला वाहिलेली संस्था. त्याच रस्त्यावर १९४२ पासूनचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आता विद्यापीठ) आहे, जिथे तेल तंत्रज्ञान पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. पत्र घेऊन जा आणि बसून बोला. ईमेलने अल्युमिना कळत नाही.

मग धातू चढवणं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण अर्धे प्रकल्प इथेच बिघडतात आणि बिघडल्याचं शेवटपर्यंत कळत नाही. पद्धत अशी की आधाराच्या छिद्रांत मावेल तेवढंच द्रावण द्यायचं. किती मावतं ते मोजायला १० ग्रॅम कोरडे दांडके बीकरमध्ये घ्या आणि ब्युरेटमधून थेंबथेंब पाणी सोडत बीकर हलवत राहा. छिद्रं भरेपर्यंत दांडके खुळखुळत राहतात. भरली की एकमेकांना आणि काचेला चिकटतात. तो आकडा. चांगल्या आधारात ग्रॅममागे ०.५ ते ०.८ मिलिलिटर येतो. आता नागपूरची गोष्ट. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की भिजवलेले दांडके उघडे ठेवले तर बाहेरचं पाणी आधी उडतं आणि धातू आतून ओढला जाऊन बाहेरच्या कडेला जमतो. बीकर फिल्मने झाकून दोन-तीन तास मुरू द्या, मग हळू वाळवा. जुलैत उलटं होतं. उघड्या डब्यातला अल्युमिना हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे वजन फसवं येतं आणि मावणारं द्रावण कमी भरतं. दर वेळी थोडा नमुना ५५० अंशांवर भाजून घट काढा आणि वजन सुधारून घ्या.

वाळल्यावर एक दांडका ब्लेडने मधोमध कापून भिंगाखाली पाहा. कोबाल्टचं द्रावण गुलाबी असतं, त्यामुळे कापातला रंगच सगळं सांगून जातो. कड गडद आणि गाभा पांढरा दिसला तर ती बॅच बाजूला ठेवा. भाजल्यावर फिकट निळसर छटा आली तर घाबरू नका, पण कापडाला घालायच्या निळीइतका गडद निळा आला तर बराचसा कोबाल्ट अल्युमिनाच्या स्फटिकात शिरलाय, तो आता कामाला येणार नाही. तापमान चढलेलं असतं, दुसरं काही नाही.

किती धातू? १५ टक्के मोलिब्डेनम ऑक्साइड आणि २५० चौरस मीटर प्रति ग्रॅमचा आधार धरला तर एका चौरस नॅनोमीटरवर मॉलीचे साधारण ३ अणू बसतात. ५ च्या पुढे गेलात की ऑक्साइडचे वेगळे स्फटिक वाढायला लागतात आणि पैसा वाया जातो. कोबाल्ट किंवा निकेल एकूण धातू अणूंच्या ३० टक्क्यांच्या आसपास. सिट्रिक आम्ल घालणार असाल, आणि घालावं, कारण ते कोबाल्ट-निकेलला धरून ठेवतं आणि मॉलीच्या आधी सल्फाइड होऊ देत नाही, तर तो कॅटलिस्ट भाजू नका, फक्त १२० अंशांपर्यंत वाळवा. भाजलात तर सिट्रिक आम्ल जळून जाईल आणि त्याचा फायदाही. वर नायट्रेट आणि सिट्रिक आम्ल एकत्र भट्टीत गेले की एकदम पेट घेतात.

पुढची पायरी सल्फाइडिंगची. तुमच्या बाटलीतला ऑक्साइड म्हणजे अजून कॅटलिस्ट नव्हे. काम करतो तो मोलिब्डेनम सल्फाइडचा पापुद्रा, आणि त्याच्या कडेवर बसलेला कोबाल्ट किंवा निकेल. डेन्मार्कमध्ये हेन्रिक टॉप्सो आणि सहकाऱ्यांनी मोसबाउअर वर्णपटाने हे दाखवून दिलं, आणि पुढे आरहूसच्या गटाने स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली ते पापुद्रे प्रत्यक्ष टिपले. सल्फाइड करायला डायमिथाइल डायसल्फाइड (सल्फर पुरवणारं द्रव रसायन) मिसळलेलं हलकं तेल हायड्रोजनबरोबर सोडतात. एक नियम मोडू नका: बाहेर येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड दिसेपर्यंत तापमान २२०-२३० अंशांच्या वर नेऊ नका. सल्फर पोचायच्या आधी गरम हायड्रोजन लागला तर ऑक्साइड तसाच क्षपण पावतो आणि नंतर धड सल्फाइड होत नाही. वायू दिसला की मग ३२० ते ३५० वर न्या.

चाचणीबद्दल थोडक्यात. बेडमध्ये बारीक सिलिकॉन कार्बाइड मिसळा, नाहीतर तेल भिंतीच्या कडेने निसटतं. पहिले काही दिवस कोक बसत असतो, त्या काळातले आकडे तुलनेला घेऊ नका. तेलाचा नमुना मोजायच्या आधी नायट्रोजन फुंकून विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड काढा, नाहीतर काढलेलंच सल्फर परत मोजाल. टक्क्यांतलं सल्फर एक्स-रे फ्लुओरेसन्सवर मोजा, खालच्या पीपीएमसाठी यूव्ही फ्लुओरेसन्स. आणि बाजारातला एक प्रस्थापित कॅटलिस्ट त्याच रिॲक्टरमध्ये त्याच तेलावर चालवा. त्याच्याशिवाय तुमच्या आकड्याला अर्थ नाही.

सुरक्षेचं मात्र थोडक्यात सांगणार नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेत तो १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे गळती थांबली, असं समजणारा माणूस त्याच खोलीत पडतो. म्हणून खोलीत डिटेक्टर, अंगावर डिटेक्टर, बाहेरचा वायू कॉस्टिकच्या दोन बाटल्यांतून, आणि रात्री एकट्याने रिॲक्टर चालवायचा नाही. हायड्रोजनची सिलिंडरं बाहेर, सावलीत आणि साखळीने बांधलेली. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल ते बघा. परवानगी आणि साठवणुकीचे नियम विचारायला दिल्लीला जायची गरज नाही. पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांचे परवाने बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सलाच आहे. वापरून झालेला सल्फाइड कॅटलिस्ट हवेत उघडला तर आपोआप पेटू शकतो. नायट्रोजनमध्ये थंड करा, तेलाने ओला ठेवून काढा, आणि तो धोकादायक कचरा म्हणून नोंदवून अधिकृत केंद्राकडेच द्या.

पण सगळा देऊ नका. काही दांडके टोल्युइनने धुऊन, वाळवून ठेवा. २० मिलिलिटर कॅटलिस्टवर वरच्याच वेगाने फर्नेस ऑइलमधले धातू चढत राहिले तर ३०० तासांत सुमारे १२० मिलिग्रॅम जमतील, म्हणजे १२ ग्रॅम कॅटलिस्टवर १ टक्का. पातळ केलेलं तेल असेल तर पातळीकरणाच्या प्रमाणात तास वाढवा. एवढा व्हॅनेडियम एसईएमच्या ईडीएक्समध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या, कुठे कोणतं मूलद्रव्य आहे ते दाखवणाऱ्या यंत्रात) स्वच्छ दिसतो. दांडका आडवा कापा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत व्हॅनेडियमची रेषा काढा. कडेला उंच आणि मध्ये शून्य आली तर छिद्रं लहान पडली. मध्यापर्यंत भरत गेलेली आली तर आधार जमला. तीन आधारांच्या तीन रेषा एकाच आलेखावर ठेवा, आणि सल्फरचे वेग स्थिरांक त्याच्या शेजारच्या तक्त्यात.